सोळा नंबरचे दशरथराव

आमच्या रविवारच्या चालण्याच्या मंडळात सोळा माणसं आहेत. त्यातली पंधरा पुढे जायला येतात आणि एक मागे राहायला येतो. हा मागे राहणारा माणूस म्हणजे दशरथ ओव्हाळ. राहायला विश्रांतवाडीत, वय चौसष्ट, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. चौतीस वर्षं त्यांनी मालगाडीवर गार्ड म्हणून काढली. आम्ही सगळे वारज्याचे. आमच्यापैकी आनंदशी त्यांची कुठल्याशा दवाखान्यात रांगेत ओळख झाली आणि दोन वर्षांपूर्वी ते आमच्यात आले. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "सगळ्यात शेवटी कोण चालतं?" आम्ही म्हटलं, जो दमतो तो. ते म्हणाले, "मग ते मी करतो." आम्हाला वाटलं, बिचारे दमत असतील.

ते दमत वगैरे नव्हते. शेवटी चालणं हे त्यांच्या लेखी काम होतं. मालगाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर 'एलव्ही' अशी पाटी असते, म्हणजे शेवटचा डबा. गाडी धडधडत निघून जाते तेव्हा स्टेशनवरचा माणूस इंजिनाकडे बघत नाही, ही पाटी बघतो. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. दिसली नाही तर मधेच कुठेतरी डबे तुटून मागे राहिलेत, आणि मग त्या रुळावर दुसरी गाडी सोडायची नाही. दशरथरावांच्या पाठपिशवीवर त्यांच्या सुनेनं, प्रियदर्शनीनं, लाल कापडाचा तुकडा शिवून दिला होता आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं ही दोन अक्षरं भरली होती. कापड पहिल्यांदा दिसलं तेव्हाच मी विचारलं होतं, "डिझेल की इलेक्ट्रिक?" ते नुसते हसले.

मी अभय केतकर, विम्याच्या कचेरीतून निवृत्त. मला गप्प बसता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे, म्हणजे इतरांची माझ्याबद्दलची.

दशरथरावांनी आणखी एक पद्धत सुरू केली. माणसांना डब्यांसारखी साखळी नसते, म्हणून प्रत्येकाला एकेक नंबर. थांबा आला की सगळ्यांनी क्रमानं आपापला नंबर पुकारायचा. ते एका छोट्या वहीत थांब्याचं नाव, वेळ आणि 'पूर्ण' एवढं लिहायचे. रेल्वेतही त्यांची अशीच वही असायची. एक नंबर कल्याणीचा, ती सगळ्यात पुढे. चौतीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला, हातातल्या फोनवर नकाशा बघत चालणारी. माझा तेरा, माझ्या बायकोचा, शर्मिलाचा, चौदा, आनंदचा पंधरा, आणि सोळा म्हणजे स्वतः.

आता एक सवय सांगायला हवी. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि शर्मिलाच्या वतीनं बोलायचं काम मी कधी अंगावर घेतलं ते मलाही आठवत नाही. डॉक्टर तिला विचारतात कुठे दुखतंय, सांगतो मी. हॉटेलात तिला काय हवं ते मी सांगतो. तेव्हा 'तेरा' म्हटल्यावर त्याच दमात 'चौदा' म्हणणं मला अगदी सोपं गेलं. दोनतीनदा तसं झाल्यावर दशरथराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, ताईंचा नंबर ताईंना देऊ द्या." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अहो, आमचं रेशनकार्ड एकच आहे." सगळे हसले. शर्मिलाही हसली. दशरथराव पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत.

ही गोष्ट मागच्या ऑक्टोबरची. आम्ही गेलो होतो वेल्ह्याच्या बाजूच्या एका नदीकाठच्या वाटेनं. नदीचं नाव सांगत नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे दोनशे गाड्या उभ्या राहतात. सकाळी साडेआठला गावाच्या देवळापासून निघालो. पहिले दोन तास दाट झाडी, जांभूळ, अंजन, उंबर आणि वर माकडांची पळापळ. डाव्या हाताला नदी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. मग देवराई संपली आणि एकदम सगळं उघडं पडलं. समोर काळा कातळ, त्याच्यामधून कापत गेलेली नदी आणि दोन्ही बाजूंना थरावर थर चढलेले कडे. वर सगळीकडे सोनकी फुललेली, पिवळीधम्मक.

शर्मिला तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवायची. असा कडा दिसला की तिचा वर्ग भरतो. तिनं दशरथरावांना थर मोजून दाखवले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थंड झाला, मधे कित्येक वर्षं गेली, तेवढ्या काळात वर माती झाली, मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून लाल झाली. दोन काळ्या थरांच्या मधली ती तांबडी रेघ म्हणजे ती माती. दशरथराव बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे एक गाडी गेली, सेक्शन मोकळं झालं, मग दुसरी आली." शर्मिलाला हे इतकं आवडलं की ती म्हणाली, पुन्हा शाळेत गेले तर असंच शिकवीन. मी म्हटलं, मुलं नापास होतील.

खाली नदीच्या पात्रात रांजणखळगे होते. पुराच्या पाण्यात एखादा दगड भोवऱ्यात सापडतो, गरगर फिरत राहतो, आणि हजारो वर्षांत खालच्या कातळाला रांजणासारखं पोखरून काढतो. वरून तोंड लहान, आत पोट मोठं, बाजू घासून गुळगुळीत. "जवळून बघायला हवेत," शर्मिला म्हणाली. मी म्हटलं, "परत येताना." परत येताना आम्ही त्या वाटेनं येणार नव्हतो, हे मला ठाऊक होतं. पण मला कल्याणीला गाठायचं होतं. तिचा नकाशा चुकतोय असं माझं मत होतं आणि ते तिला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

देवराईच्या टोकाला दहा चाळीसला मोजणी झाली. सोळा. दशरथरावांनी 'पूर्ण' लिहिलं. मी पुढे गेलो.

साकवावर पोचलो अकरा पस्तीसला. लोखंडी तारांचा, लाकडी फळ्यांचा अरुंद साकव आणि खाली डोहात पडणारं पाणी. निम्मी माणसं पलीकडे, निम्मी अलीकडे, फोटो चाललेले. पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. शेवटी आनंद आणि दशरथराव आले. आनंदच्या बुटाचा तळ निघाला होता आणि दशरथरावांनी तो वाटेत बसून सुतळीनं बांधला होता. मोजणी सुरू झाली. अकरा, बारा. मी कल्याणीला फोनवरची एक वळणाची रेघ दाखवत होतो. मान वर न करता म्हटलं, "तेरा, चौदा." आनंद म्हणाला पंधरा. दशरथराव क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सोळा," आणि लिहिलं.

जेवायला थांबलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. जागा फार सुंदर होती. धबधब्याच्या समोर सपाट कातळ आणि वर एका मोठ्या आंब्याची सावली. सगळ्यांनी डबे उघडले. खरं सांगायचं तर मला आधी बायको आठवली नाही, थालीपीठं आठवली. डबा तिच्या पिशवीत होता. मी इकडेतिकडे बघितलं. मग उठून बघितलं. मग दशरथरावांनी मोजणी सुरू केली आणि तेरा म्हटल्यावर मी थांबलो. पुढे कोणीच बोललं नाही.

"ताई कुठेत?" दशरथरावांनी विचारलं.

"असेल मागे. दगड बघत बसली असेल."

"माझ्या मागे कोणी नाही, साहेब."

हे वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. सगळे एकदम उठले. आमच्यातला तरुण चेतन हाका मारत वाटेनं धावत सुटला. दशरथरावांनी शिट्टी मारली, इतकी जोरात की तो जागच्या जागी थांबला. ते म्हणाले, सगळ्यांनी मागे धावायचं नाही. तुटलेल्या गाडीचं इंजिन भलत्या वेगानं मागे आलं तर ते मागच्या डब्यांवरच आदळतं. आधी डबे कुठे उभे आहेत ते कळलं पाहिजे. दहा माणसांनी इथेच बसायचं, बाकीच्यांनी त्यांच्याबरोबर यायचं, आणि वाटेत कोणी ओरडायचं नाही, थांबून ऐकायचं.

"ही मालगाडी नाही," मी म्हणालो, "माझी बायको आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मग ते माझ्यासमोर उभे राहिले. वही उघडी होती, बोट साकवाच्या ओळीवर. "साहेब, साकवावर ताईंना पाहिलंत तुम्ही?"

त्या वेळी मला नीट माहीत होतं की मी पाहिलं नव्हतं. चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. रेशनकार्डावर हसलेली तीच माणसं. मी म्हटलं, "हो. माझ्या मागेच होती."

"डोळ्यांनी पाहिलंत?"

"हो म्हटलं ना!"

त्यांनी माझ्याकडे अजून थोडा वेळ बघितलं आणि वही मिटली. "म्हणजे साकव ते इथपर्यंत. चला." कल्याणी, चेतन, आनंद, मी आणि ते, असे पाच जण निघालो.

त्या सव्वा तासाबद्दल मला लिहिता येईल असं वाटत नाही, पण लिहायला हवं. वाट कड्याच्या पोटातून जाते. उजवीकडे उतार आणि खाली नदी. प्रत्येक वळणावर दशरथराव हात वर करायचे, आम्ही थांबायचो, ते ऐकायचे. पाणी, पाणी, मधेच एखादा पक्षी. मग ते उतारावरच्या गवताकडे, दगडांकडे, ओल्या मातीकडे बघायचे. कल्याणी फोन वर धरून चालत होती. "नो नेटवर्क, काका, कुठेच नाहीये," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिच्या आवाजात रडू आलं होतं. आनंद बुटावरची सुतळी ओढत लंगडत होता. माझ्या मनात एकच चाललं होतं. कदाचित ती खरंच साकवापर्यंत आली असेल. कदाचित मी पाहिलंही असेल आणि आठवत नसेल. मी स्वतःला इतकं पटवत होतो की मधून मधून मला तिचं पिवळं टोपडं साकवाच्या फळ्यांवर दिसायलाही लागलं होतं. ते टोपडं तिनं मंडईबाहेरच्या फेरीवाल्याकडून घेतलं होतं आणि मी त्याची थट्टा करायचो.

साकवावर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. वाटेत काही सापडलं नव्हतं. म्हणजे आता उरला तो डोह.

चेतननं खाली वाकून बघितलं. हिरवं, गडद पाणी, कड्याशी भोवरा. त्यानं पिशवी टाकली, बूट काढले, शर्ट काढला. तो पोहणारा आहे, सकाळी तलावावर जातो. पण तलाव वेगळा आणि हा डोह वेगळा. "मी उतरतो," तो म्हणाला. "नाहीतर संध्याकाळ होईल." त्याचं लग्न मार्चमध्ये झालं होतं. आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. कातळाच्या कडेला त्यानं एक पाय खाली सोडला, पाय घसरला, हातानं धरलं, पुन्हा सोडला.

"थांब," मी म्हणालो. पाण्यात ते कोणाला ऐकूच गेलं नाही. मी ओरडलो, "थांब! ती इथपर्यंत आलीच नव्हती!"

चौघांनी माझ्याकडे बघितलं.

"मी पाहिलं नाही तिला. नंबर मी दिला. मी खोटं बोललो."

कल्याणीच्या तोंडून एक इंग्रजी शब्द गेला, तो मला लागू होता. आनंद खाली बसला. मला वाटलं दशरथराव आता काहीतरी बोलतील, आणि बोलावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "मागचं सेक्शन. देवराई ते साकव. चेतन, बूट घाला."

ते आता पुढे चालत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा चालताना मी त्यांची पाठ बघत होतो आणि पाठीवरचं ते लाल कापड. चालता चालता ते म्हणाले, मला नव्हे, कोणालाच नव्हे, "गार्डला पुढचं दिसत नाही. त्याला मागे पडलेलं दिसतं. मी दर वळणावर मागे वळून बघतो, सवय आहे. सकाळी बघितलेलं आता समोरून येतंय." दर पन्नास पावलांवर ते थांबत आणि समोरचं दृश्य नीट न्याहाळत, जणू सकाळचं चित्र त्यावर ठेवून बघत होते.

एका वळणावर एक म्हातारी चार म्हशी घेऊन बसली होती. नाव यमुनाबाई, वरच्या वाडीची. दशरथरावांनी विचारलं, मावशी, एकटी बाई बघितली का, पिवळी टोपी?

"बाय न्हाई बगितली," ती म्हणाली. "पर मगाधरनं वरडल्यावानी कायतरी येतंय कानावर. म्या म्हनलं टिटवी आसंल. आता तेबी न्हाई."

"कुठून?"

तिनं काठी नदीकडे केली. "त्यो रांजनाचा खडक हाय, तिकडनं."

दशरथराव वळणावर उभे राहिले आणि खाली बघत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला. "मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "सकाळी इथून मागे वळून बघितलं तेव्हा खाली पिवळं दिसलं होतं. मी सोनकी समजलो. पाण्यालगतच्या उघड्या कातळावर माती नाही, तिथे सोनकी कुठून येणार?"

आता मलाही दिसलं. काळ्या खडकावर, अगदी कडेला, पिवळा ठिपका.

मी धावलो. त्यांनी माझा दंड धरला. इतकी ताकद त्या माणसात असेल असं वाटलं नव्हतं. "कातळ निसरडा आहे. पडायला एकट्या ताई पुरेत." आम्ही बसत, घसरत, हात टेकत खाली उतरलो. टोपडं एका दगडाखाली नीट दाबून ठेवलेलं होतं आणि शेजारी तीन पांढरे स्फटिकाचे दगड ओळीनं मांडले होते. पलीकडे रांजणाचं काळं तोंड, चार हात रुंद. कडेला शेवाळावर एक लांब ओरखडा.

दशरथराव पोटावर झोपले आणि तोंड त्या भोकात घातलं. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "चौदा नंबर?"

काही नाही. पाण्याचा आवाज. मी डोळे मिटले.

"चौदा नंबर?"

आतून, विहिरीतून यावा तसा, बारीक आवाज आला. "चौदा."

मी तिथे कातळावर बसून रडलो, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटायला दुसरी गोष्ट होती.

रांजण दोन पुरुष खोल होता. तळाशी गोल दगडगोटे आणि छातीपर्यंत पाणी, बर्फासारखं. त्या दगडांवर तोल सांभाळत, सुजलेला घोटा घेऊन ती पावणेचार तास उभी होती. यमुनाबाईनं म्हशींची दोन दावी सोडून आणली. दशरथरावांनी ती एकमेकांना बांधली, गाठ तीनदा ओढून बघितली. चेतन आत उतरला आणि तिच्या काखेखालून दावं बांधलं. ओढायला यमुनाबाई सगळ्यांत पुढे. "ओढा की! जेवला न्हाई का?" ती ओरडली. आम्ही खरंच जेवलो नव्हतो.

शर्मिला वर आली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. भिंत खरवडून नखं तुटली होती. कल्याणीनं तिच्याभोवती स्वतःचं जॅकेट गुंडाळलं, यमुनाबाईनं घोंगडं टाकलं. तिचे दात वाजत होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दशरथरावांकडे बघून विचारलं, "साकवावर मोजलं नव्हतं का?"

दशरथराव दाव्याची गाठ सोडायला लागले. त्यांना ते बोलायचं नव्हतं.

"मोजलं होतं," मी म्हणालो. "तुझा नंबर मी दिला."

तिनं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. गावापासून वारज्यापर्यंत, मधे दवाखान्यात घोट्याला पट्टी बांधेपर्यंत, ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. वारज्याच्या पुलापाशी आल्यावर काचेबाहेर बघत म्हणाली, "मी आत उभी राहून ठरवलं होतं. साडेअकराला साकव येईल. मोजतील. मी नसेन. पावणेबाराला निघतील, सव्वाबारापर्यंत येतील. तेवढं उभं राहता येईल. सव्वाबारा झाले. साडेबारा. एक वाजला. मग मला कळलं की तुम्ही माझ्या वतीनं बोलला असणार."

घरी गेल्यावर मी तिला उरलेलंही सांगितलं, जेवणाच्या जागेवरचं खोटं. ती ऐकून स्वयंपाकघरात गेली, पिशवीतून डबा काढला, भिजलेली थालीपीठं टाकून दिली आणि एका पायावर उभी राहून डबा घासायला लागली. मी घासतो म्हटलं. ती म्हणाली, "नको."

त्यानंतरच्या रविवारी दशरथराव आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर म्हणायचे, जरा काम आहे. तिसऱ्या रविवारी शर्मिला म्हणाली, "रिक्षा बोलवा. विश्रांतवाडीला जायचंय."

दोन खोल्यांचं, स्वच्छ घर. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली एका खिळ्याला हिरवा आणि तांबडा असे दोन जुने बावटे गुंडाळून लावलेले, आणि त्यांच्या वडिलांचा रुळाशेजारी हातोडा घेऊन काढलेला फोटो. वडील रुळांवर गँगमन होते. प्रियदर्शनीनं चहा आणला आणि म्हणाली, "बाबा तीन आठवडे नुसते बसून आहेत. पिशवीवरचं कापडही उसवून ठेवलंय."

"रेल्वेत काही झालं की गार्डला ड्युटीवरून उतरवतात," दशरथराव म्हणाले. "चौकशी होईपर्यंत गाडी देत नाहीत. इथे चौकशी करणारं कोणी नाही. मग म्हटलं, आपणच उतरावं."

"वही बघू," शर्मिला म्हणाली.

त्यांनी दिली. त्या दिवसाच्या पानावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'अकरा पाच. वळण. खाली पिवळं दिसलं. थांबलो नाही. अकरा पस्तीस. साकव. चौदा नंबरचा आवाज पुरुषाचा होता. ऐकलं. तरी पूर्ण लिहिलं. चूक गार्डची.' खाली सही. माझं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं. मी पान पुन्हा वाचलं. जेवणाच्या जागी ते मला दोनदा का विचारत होते ते तेव्हा कळलं. त्यांना संशय होता आणि मी दोन्ही वेळा त्यांना खोटं सांगितलं होतं.

शर्मिलानं चष्मा लावला. शाळेत तिला मुलं घाबरायची ती या चष्म्याला. "मग चौकशी मी करते. दशरथराव, आवाज पुरुषाचा होता हे कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "साहेब काहीतरी म्हणाले असते, ताई. रेशनकार्डासारखं. सगळे हसले असते. चौतीस वर्षं मी एकट्या डब्यात काढली. माणसं हसली की मला उत्तर सुचत नाही."

त्या खोलीत मला पळून जावंसं वाटलं. इतके दिवस मी माझ्या त्या एका वाक्यावर खूश होतो. पाहुण्यांनाही सांगितलं होतं.

"आता तुम्ही," शर्मिला माझ्याकडे वळली आणि वही आणि पेन माझ्या पुढ्यात ठेवलं. तिनं काय लिहायचं ते सांगितलं नाही. मी त्यांच्या सहीखाली लिहिलं की चौदा नंबर मी दिला, न बघता दिला, यापूर्वीही देत होतो आणि अडवल्यावर थट्टा केली. विचारल्यावर दोनदा खोटं बोललो. त्यामुळे सव्वा तास चुकीच्या वाटेवर गेला आणि चेतन डोहात उतरणार होता. दोन वाजून दहा मिनिटांनी खरं सांगितलं. सही केली.

दशरथरावांनी वही घेतली, चष्म्याजवळ नेऊन वाचली. मग पेन घेऊन 'दहा' खोडलं आणि वर 'बारा' लिहिलं.

"चौकशी संपली," शर्मिला म्हणाली. "येत्या रविवारी तीच वाट. प्रियदर्शनी, ते कापड शिवून दे."

गेलो. नोव्हेंबर अर्धा सरला होता, सोनकी वाळली होती, नदी थोडी उतरली होती, पण साकवाखाली आवाज तितकाच होता. शर्मिला काठी घेऊन चालत होती आणि तिला कोणी हात द्यायचा नाही असं तिनं बजावलं होतं. रांजणांच्या वळणावर दशरथराव थांबले, मागे वळले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. यमुनाबाईसाठी आणलेली दोन नवी दावी आणि मिठाई आम्ही तिच्या हातात दिली. ती म्हणाली, दावी चांगली हायत.

साकवावर मोजणी सुरू झाली. अकरा. बारा.

"तेरा," मी म्हणालो आणि तोंड मिटलं.

पुढे काही नाही. शर्मिला माझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर उभी होती. मला दिसत होती. ती पाण्याकडे बघत होती. आनंद माझ्याकडे बघायला लागला, कल्याणी बघायला लागली. जिभेच्या टोकावर तो आकडा येऊन थांबला होता आणि मी दात आवळून धरले होते. दशरथरावांचं पेन कागदावर टेकून उभं होतं. ती तशीच उभी राहिली, आणि किती वेळ उभं राहायचं ते तिनं ठरवायचं होतं.

"चौदा," ती म्हणाली.

दशरथरावांनी मान वर केली, तिला डोळे भरून बघितलं, आणि मग लिहिलं.